तुरकर सरांची पाच मिनिटं

तुरकर सरांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ते मला 'मराठी' म्हणत. "काय गा मराठी, चहा झाला का?" आमच्या शाळेतली सगळी माणसं त्यांच्या लेखी विषयाच्या नावानं होती. गणित आज रजेवर आहे, भूगोलाला मुलगी झाली, इतिहासाची गाडी पंक्चर झाली म्हणून तो पायी येऊन राह्यला. मुख्याध्यापकांना ते 'ऑफिस' म्हणत, तेही तोंडावर. ते स्वतः चित्रकलेचे शिक्षक. पण वेळापत्रकात त्यांच्या तासापुढं नुसतं 'चित्र.' एवढंच लिहिलेलं असे, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणित आणि इंग्रजी निम्मा निम्मा वाटून घेत. सर खिडकीपाशी खुर्ची ओढून बाहेर पाहत बसत.

काय पाहत, ते मी सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं. मी तेव्हा नवीन होतो.

"काय पाहून राह्यले सर?"

"पाहून राह्यलो."

"तेच म्हणतो, काय?"

"तू विचारून राह्यला म्हून आता काहीच नाही पाहून राह्यलो."

शाळा तिरोड्यापासून दोन कोसांवर. सरांचं घरही त्याच गावात, मागं दोन एकर धानाची बांधी. माणूस काटक, पाठीत थोडा वाकलेला. बोटांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. पण रंगाचं नाव सरांना चालत नसे. पिवळा, राखाडी हे शब्द त्यांना उगाच घाईनं बोलल्यासारखे वाटत. "हा पिवळा नाही. हा आदल्या दिवशीच्या वरणाचा आहे." "हा पॉवर प्लॅन्टच्या चिमणीचा, सकाळचा. संध्याकाळचा वेगळा रायते." एकदा मी त्यांच्याबरोबर गोंदियाला रंगाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं विचारलं, "सर, ऑइलपेंट दूँ या डिस्टेंपर?" सर म्हणाले, "कढी चाहिए. दो दिन पुरानी." दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी शेल्फवरच्या ब्रशांकडं पाहिलं.

चित्रं ते पोत्यावर काढत. राइस मिलमधून फाटका बारदाना आणायचा, उसवून सपाट करायचा, लाकडी चौकटीवर ताणून ठोकायचा आणि त्यावर तांदळाच्या घट्ट पेजेचे तीन-चार हात द्यायचे. पेज वाळली की पोतं टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं वाजायचं. मग त्यावर रंग. पट्टे, डाग, ओरखडे, कुठं एखादा कलता चौकोन. माणूस नाही, झाड नाही, झोपडी नाही, बैल तर नाहीच. गावातले लोक म्हणत, सरांची चित्रं अजून पुरी व्हायची आहेत. पेजेच्या वासानं उंदीर येत आणि चित्रांचे कोपरे कुरतडून जात. सर कुरतडलेला कोपरा दाखवून म्हणायचे, "पंचवीस वर्षांत इतक्या जवळून एवढ्यानंच पाह्यलं."

वर्गात त्यांची एकच पद्धत होती. टेबलावर वांगं ठेवायचं. पहिली पाच मिनिटं पेन्सिल उचलायची नाही, बोलायचं नाही, नुसतं वांग्याकडं पाहायचं. पाच मिनिटं झाली की, "हां, आता काढा." नेमक्या त्याच पाच मिनिटांत एकदा तपासणीला साहेब आले, त्यांना वर्ग दाखवायला मी बरोबर. चाळीस पोरं वांग्याकडं पाहत बसलेली, आणि सरही वांग्याकडं. साहेब दारात उभे राहिले, खाकरले. कोणी वळलं नाही. साहेबांना वाटलं, वर्गात काही तरी झालं आहे, कोणी गेलंबिलं असावं. ते हळूच बाहेर आले आणि त्यांनी मला विचारलं, "यांना काय झालं?" मी प्रसंगावधान राखून सांगितलं, "सर, भाजीपाला लागवड हा उपक्रम आहे." शेऱ्याच्या वहीत साहेबांनी लिहून ठेवलं : कृषी विषयातील उपक्रम स्तुत्य. त्या दिवशी सरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाटलं होतं, मी त्यांना वाचवलं.

माझ्या मदतीनं त्यांचं नुकसान होण्याची ही पहिली वेळ. पुढं मी बराच सरावलो.

त्याच साली स्नेहसंमेलनात माझं नाटक होतं. लेखक मी, दिग्दर्शक मी, आणि ऐनवेळी राजाला गोवर निघाला म्हणून राजाही मीच. मागचा पडदा सरांकडं. मी त्यांना वहीचं एक पान भरून लिहून दिलं : महाल, खांब, झुंबर, मागं किल्ला. सरांनी वीस फुटी कापड घेतलं आणि अख्खं निळं केलं. एकच निळा. कोपऱ्यात थोडा फिका होत गेलेला. मी मंचावर आलो, हात पसरला आणि म्हणालो, "प्रधानजी, पाहा आमचा हा सुवर्णमहाल!" प्रधान झालेल्या पोरानं मागं वळून पाहिलं आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला, "कुठं?" गाव इतकं हसलं की पुढचे दोन अंक कोणालाच ऐकू गेले नाहीत. मी पडद्यामागं जाऊन सरांवर ओरडलो. ते म्हणाले, "तुझ्या राज्याची हवा होती ती. तू महाल मांगून राह्यला होता, म्हून तुले दिसली नाही."

अशा माणसाचं प्रदर्शन भरवायचं मी अंगावर घेतलं. का घेतलं, ते सांगतो.

गेल्या दिवाळीत मी फराळाला त्यांच्या घरी गेलो होतो. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. मागच्या खोलीत, जिथं पूर्वी धान भरत, तिथं भिंतीला टेकवून पन्नासेक चित्रं उभी. वहिनी चिवड्याची बशी घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "पाहा ना भाऊजी, पाय ठेवाले जागा नाही. पोराचं लगन ठरलं. सून शिलाईचा कोर्स केलेली आहे, तिले मशीन लावाले ही खोली पाह्यजे. यायले किती सांगतो मी." वहिनी गेल्यावर सर बराच वेळ शेव खात राहिले. मग म्हणाले,

"मराठी, हिचं चुकत नाही. खोली कामाची पाह्यजे. पण मले एकदा पाहाचं आहे. एक माणूस. आपल्याच जिल्ह्यातला. एका चित्रासमोर पाच मिनिटं उभा राहीन, आणि 'हे काय आहे' म्हून नाही विचारीन. तेवढं झालं का मी खोली नाही सोडत. रिटायर झाल्यावर दिवसभर काढीन. नाही झालं, तं पोरगी मशीन लावीन. मी बांधीत जाईन."

"पाचच मिनिटं काऊन सर?"

"पोरं वांग्याले देते पाच. मी वांग्याहून कमी आहो का?"

मी म्हणालो, "सर, एक काय घेऊन बसले? रांग लावतो."

माझ्या या वाक्यानंतर ज्याचं भलं झालं असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

गोंदियात चित्रांसाठी म्हणून जागा मला तरी सापडली नाही. एका वाचनालयाच्या वरचा हॉल मिळाला. तिथं एरवी साड्यांचे सेल लागतात आणि मोफत रक्तदाब तपासतात. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस ठरले. हॉलचा व्यवस्थापक मोठ्या मनाचा माणूस. म्हणाला, "सर, टेन्शन मत लो. उद्घाटन कौन कर रहा है?" मी म्हणालो, कोणीच नाही. त्याला माझी कीव आली. "अरे, उद्घाटन के बिना पब्लिक कैसे आएगी?" हे मला पटलं. मला काहीही पटतं, हा माझा जुना आजार आहे. मी एका पुढाऱ्याला गाठलं. पुढारी आले म्हणजे फ्लेक्स आला, फ्लेक्स आला म्हणजे स्टेज आलं, शाल-श्रीफळ आलं, शंभर खुर्च्या आल्या.

चित्रं दोन खेपांत आणायची होती. पहिली खेप गुरुवारी सरांनी स्वतः आणली, स्वतः टांगली. सगळ्यात मोठं चित्र, साडेसहा फुटांचं, समोरच्या भिंतीवर. त्यावर त्यांनी चार वर्षं घालवली होती. मातकट रंगावर मातकट रंग, आणि मध्ये जरासं डावीकडं एक काळं, जे अगदी काळंही नव्हतं. शुक्रवारी सकाळी ते उरलेली चित्रं आणायला टेम्पो घेऊन तिरोड्याकडं गेले आणि मला म्हणाले, "तू नुसता बसून राह्यजो. कायले हात नको लावू."

मी बसलो. पण भिंतीवर ओळीनं बिननावाची चित्रं पाहून माझ्यातला मराठीचा शिक्षक अस्वस्थ झाला. मुलांनी निबंधाला शीर्षक दिलं नाही तर मी एक गुण कापतो. शिवाय माझा हेतू चांगला होता : चित्राला नाव असलं की लोक 'हे काय आहे' असं विचारणारच नाहीत! म्हणजे सरांची अर्धी अट मी परस्पर पुरी करून टाकत होतो. मी खाली जाऊन पांढरा कार्डबोर्ड, काळं मार्कर आणि चिकटपट्टी आणली. दीड तासात एकवीस नावं ठेवली. 'विरहिणी'. 'काळाच्या उंबरठ्यावर'. 'मातेची हाक'. राखाडी चित्र होतं, त्याला 'तिरोडा : प्रगतीची पहाट'. एका चित्रावर नुसत्या आडव्या रेघा होत्या, तिथं माझी प्रतिभा आटली, म्हणून 'प्रश्न' लिहिलं.

तेवढ्यात फ्लेक्सवाला आला. फ्लेक्स दहा फुटांचा. हॉलमध्ये तो बांधता येईल अशा खुंट्या एकाच भिंतीला होत्या. समोरच्या.

"सर, यहाँ बाँधूँ?"

मी म्हणालो, "कार्यक्रमापुरता बांध."

सर परत आले तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या, समई पेटली होती, आणि त्यांच्या चार वर्षांवर पुढाऱ्यांचा हसरा चेहरा होता. आजूबाजूला लहान लहान गोलांत आणखी अकरा चेहरे. खाली, कोपऱ्यात, सरांचं नाव. प्रेक्षकांची तोंडं स्टेजकडं आणि पाठी तिन्ही भिंतींकडं. सव्वा तास भाषणं झाली. पुढारी म्हणाले, कला जगली पाहिजे. ते म्हणाले, आपल्या जिल्ह्याच्या मातीत टॅलेंटची कमी नाही. मग त्यांनी धानाच्या बोनसकडं वळण घेतलं आणि तिथून ते काही कलेकडं परत आले नाहीत. सरांना शाल पांघरली गेली. शालीतून सर खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मराठी, माझं मोठं कुठं आहे?"

मी फ्लेक्सकडं बोट केलं.

"मांगं?"

"हो. आत्ता सोडतो सर."

सोडायला गेलो तर पुढाऱ्यांचा माणूस आडवा आला. "राहू द्या ना गुरुजी. साहेबांचा फोटो आहे. तीन दिवस राहील तर तुमचं काय बिघडते?" काय बिघडतं ते मला त्याला सांगता आलं नाही. मी मराठीचा शिक्षक आहे.

खरी गंमत नंतर झाली. भाषणं संपल्यावर लोक चित्रांकडं वळले. मोजके नव्हे, चांगले साठ-सत्तर लोक. सर कोपऱ्यात स्टुलावर बसले. त्यांची नजर लोकांच्या पायांवर. मला म्हणाले, "तोंड खोटं बोलते. पाय कुठं थांबते ते पाह्य." आम्ही पाय पाहत बसलो. पाय येत, चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापाशी थांबत, जिथं माझा कार्डबोर्ड होता, आणि पुढं जात. दहा सेकंद. बारा सेकंद. 'विरहिणी'पाशी एक गृहस्थ जरा रेंगाळले, तशी सरांची मान वर झाली. गृहस्थांनी बायकोला बोलावलं. "ही पाह्य, हा तिचा पदर, आणि हे कुकू पुसलेलं." बाई म्हणाल्या, "अगं बाई, खरंच!" आणि दोघं समाधानानं 'मातेची हाक'कडं गेले.

सर उठले, 'विरहिणी'जवळ गेले आणि तो कार्डबोर्ड त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग दुसरा. मग तिसरा. अक्षर माझं आहे, ते ओळखायला वेळ लागला नाही.

"सर, लोकांना समजायला सोपं..."

"समजलं ना. सगळ्यायले समजलं. वाचून राह्यले आणि जाऊन राह्यले."

शनिवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा फ्लेक्स गुंडाळून जिन्याखाली टाकलेला होता. दुसऱ्या खेपेची चित्रं टांगून झाली होती आणि सर नखानं चिकटपट्टीचे उरलेले डाग खरवडत होते. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. अकरा वाजता दोन बाया आल्या, एक चक्कर मारली आणि मला म्हणाल्या, "काल नावं होती म्हणे. आज काहीच समजून नाही राह्यलं." एक बँकेतले साहेब आले. त्यांनी बोटानं पोतं दाबून पाहिलं आणि विचारलं, "हे टिकते का?" कॉलेजातली चार मुलं आली, मोठ्या चित्राकडं पाठ केली, सेल्फी काढला आणि गेली. एक आजोबा सरळ सरांसमोर उभे राहिले. "हे काय आहे जी?" सर म्हणाले, "तुम्हीच पाहा." आजोबा म्हणाले, "पाह्यलं. काही नाही." आणि ते गेले, एखाद्या कार्यालयात काम न होता परतणाऱ्या माणसासारखे. दिवसभरात सर तीनदा खाली चहाला गेले. एरवी ते चहा अर्धा टाकून उठतात. तिसऱ्या खेपेला ते परत वर यायलाच तयार नव्हते.

मला राहवेना. त्या माणसानं मागून मागून काय मागितलं होतं? पाच मिनिटं. पाच मिनिटं तर आपल्याकडं लोक पंक्चर काढणाऱ्याकडंही पाहत उभे राहतात. शनिवारी संध्याकाळी मी कोहमाऱ्याला फोन लावला. तिथं हायवेवर माझ्या साळ्याचा, देवाचा ढाबा आहे. देवा धिप्पाड. सकाळपासून तंदूरपुढं उभा राहायची सवय. उभं राहण्यात त्याचा हात धरणारा माणूस माझ्या माहितीत नाही.

"देवा, उद्या गोंदियाला ये. एक काम आहे. उभं राहायचं."

"कोणाच्या विरोधात भाऊजी?"

"कोणाच्या नाही. एका चित्रासमोर. पाच मिनिटं. बोलायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, आणि 'काय आहे' असं अजिबात विचारायचं नाही. माझी ओळख दाखवायची नाही."

"आणि हसू आलं तं?"

"गाल चावायचा."

"भाऊजी, तुमची तब्येत बरी आहे ना? ताईले द्या बरं फोन."

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला देवा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. मुलगी पाहायला आल्यासारखा. हॉलमध्ये आम्ही तिघंच. तो माझ्याकडं न बघता, म्हणजे सगळ्यांना कळेल इतकं न बघता, सरळ मोठ्या चित्रासमोर गेला आणि हात मागं बांधून उभा राहिला.

सर स्टुलावर होते. पहिलं मिनिट त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या मिनिटाला त्यांची नजर देवाच्या चपलांवर गेली. चपला हलत नव्हत्या. सरांनी मान वर केली. तिसऱ्या मिनिटाला ते उठले, आवाज न करता, आणि माझ्या शेजारी येऊन बसले. माझा दंड त्यांनी धरला. इतकी वर्षं एका शाळेत काढली, त्यांनी मला हात लावलेला आठवत नाही. "मराठी," ते कुजबुजले, "पाह्य. पाहून राह्यला तो." देवा जरासा डावीकडं सरकला. मग एक पाऊल मागं गेला. मग मान तिरकी केली. मी मनात म्हणालो, वा रे पठ्ठ्या, काय काम करतो! सरांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आणि माझी नजर आपोआप जमिनीवर गेली. चोराला मुद्देमाल जड व्हावा तसं मला झालं होतं.

आणि देवाच्या खिशात कोंबडा आरवला.

मोबाइल काढायचा नाही, असं मी सांगितलं होतं. म्हणून त्यानं आधीच पाच मिनिटांचा गजर लावून तो खिशात टाकला होता. कोंबडा दोनदा आरवला, तिसऱ्यांदा आरवला. देवा दचकून भानावर आल्यासारखा वळला आणि मोठ्यानं म्हणाला, "भाऊजी, झाले पाच. जाऊ का आता? गाडी नो-पार्किंगमध्ये आहे."

दंडावरची पकड सुटली.

सर देवाजवळ गेले, त्याला खुर्ची दिली. "बसा जी. लांबून आले असान. चहा सांगतो." देवाला काहीच कळेना. तो एकदा माझ्याकडं पाहतो, एकदा सरांकडं. चहा आला, देवानं तो भाजत भाजत तीन घोटांत संपवला आणि पळाला. सरांनी खुर्चीवर चढून पहिल्या चित्राची दोरी सोडली. प्रदर्शन सहापर्यंत होतं. साडेचारला भिंती रिकाम्या झाल्या. टेम्पोत पुढं ड्रायव्हरजवळ दोघांची जागा असते. सर मागं चित्रांजवळ बसले.

खरा वैताग पुढं आहे. आठ दिवसांनी देवाचा फोन आला. ढाब्याचं, ताईचं, पोरांचं सगळं बोलून झाल्यावर तो फोन ठेवेना.

"भाऊजी, ते मधातलं काळं होतं ना..."

"त्याचं काय?"

"काही नाही. सकाळी तंदूर लावला का ते दिसून राह्यलं. डोक्यातून जाऊनच नाही राह्यलं. त्या दिवशी मी दोन मिनिटं मनात मोजली, मंग मोजाचं विसरलो. कोंबडा आरवला तेव्हा मले समजलंच नाही मी कुठं आहो."

मी दुसऱ्या दिवशी पळत शाळेत गेलो. स्टाफरूममध्ये सर एकटे होते. मी सगळं सांगितलं. तंदूर, मोजणं विसरणं, सगळं. मी हात जोडले, देवाला फोन लावून देतो म्हणालो. सर म्हणाले,

"मराठी, तू नावं चांगली देतो. या गोष्टीले काय नाव देशीन?"

"सर, आईशप्पथ खरं आहे."

"असन. पण तुझ्या तोंडून आलं ना आता."

मी देवाला शाळेत आणतो म्हणालो, तर ते उठूनच गेले. त्यांचंही बरोबर होतं. ज्यानं एकदा माणूस ठरवून उभा केला, तो दुसऱ्यांदा ठरवून बोलायलाही लावील. जिल्ह्यात एक माणूस खरंच पाच मिनिटं उभा राहिला होता, आणि तो खोटा आहे याचा सगळ्यात मोठा पुरावा मी होतो. देवा स्वतः एकदा त्यांच्या घरी जाऊन आला म्हणे. सर बांधीवर होते. वहिनींनी त्याला लाडू दिले.

होळीच्या आधी खोली रिकामी झाली. चित्रं वर पाटनावर, माळ्यावर गेली, उतरंडीच्या मागं. सून आली, मशीन आली. मी एकदा सदरा अल्टर करायच्या निमित्तानं जाऊन आलो. खोलीत उजेड चांगला येत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आधी कितीदा तरी मी त्या खोलीत चिवडा खाल्ला होता.

मग एप्रिलात सरांचा निरोप समारंभ झाला. या खेपेला मी कशालाच हात लावायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मीही त्या ठरावाला अनुमोदन दिलं होतं. भेटवस्तू मुख्याध्यापकांनी स्वतः गोंदियाहून आणली. भाषणात ते म्हणाले, "सर चित्रकार आहेत, म्हणून त्यांना चित्रच द्यावं असं ठरलं," आणि त्यांनी चकचकीत कागद फाडला. सोनेरी फ्रेममध्ये छापील देखावा. डोंगर, डोंगरामागं सूर्य, नदी, नदीत होडी, काठावर नारळाची चार झाडं. आम्हा झाडीपट्टीतल्या माणसांना नारळ माहीत असतो तो सत्कारातला. भूगोलानं माझ्याकडं पाहून डोळे मिटले. मला वाटलं, आता सर काहीतरी बोलतील आणि ऑफिसचं काही खरं नाही.

सरांनी फ्रेम दोन्ही हातांनी घेतली. मंचावरच्या रिकाम्या खुर्चीवर ती उभी करून ठेवली. दोन पावलं मागं आले, हात मागं बांधले आणि पाहू लागले.

आधी पोरं हसली. मग थांबली. मुख्याध्यापकांचा हात हस्तांदोलनासाठी पुढं आला होता तो तसाच राहिला, मग हळूच खिशात गेला. माईक हूं हूं करत होता. कोणी तरी खाकरलं. सर डावीकडं सरकले, वाकले, होडीच्या जवळ तोंड नेलं, पुन्हा मागं आले. चेष्टा नव्हती. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला, चेष्टा असती तर मला कळली असती. किती वेळ गेला ते मी सांगणार नाही, कारण मी मोजला नाही आणि मोजला म्हटलं तरी माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? बऱ्याच वेळानं ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "हे पाण्याचं, होडीच्या खालचं. इथं ज्यानं काढलं ना, तो थांबला होता."

मुख्याध्यापक म्हणाले, "आवडलं ना सर? छान, छान. चला, फोटो घेऊ."

आम्ही सगळे मंचावर चढलो. गणित, भूगोल, इतिहास, मी. फोटोवाला म्हणाला, "सर, इकडं बघा. सर! कॅमेऱ्याकडं."

तो फोटो आता स्टाफरूममध्ये लावला आहे. आम्ही बाराजण एकदम समोर पाहतो आहोत, आणि मी तर कानापासून कानापर्यंत हसतो आहे. तुरकर सरांचा चेहरा त्यात दिसत नाही. ते खुर्चीकडं वळलेले आहेत.